स्थिरांक एका जागी

दोन वेगळ्या भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम एकाच आकड्यावर चालत असतील, तर तो आकडा लिहून ठेवायचा कुठे, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या कामात बहुधा उशिराच विचारला जातो. पहिला प्रोग्रॅम लिहिताना तो सुचत नाही, कारण दुसरा तेव्हा अस्तित्वातच नसतो. दुसरा लिहिणारा पहिल्याच्या फाइलीतून आकडा उचलतो, आपल्या फाइलीत टाकतो आणि काम पुढे जाते. काही वर्षांनी आकडा बदलतो, किंवा आकडा तोच राहून त्याचा अर्थ बदलतो. मग तो कोणत्या फाइलीत कोणत्या नावाने बसला आहे, याची शोधाशोध सुरू होते. असे काम वर्षानुवर्षे केलेल्या माणसांना भाषांचे बारकावे शिकायला फारसा वेळ लागत नाही. आकड्याला एक ठरलेले घर हवे, हे पटायला मात्र बराच लागतो.

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाची उदाहरणे एकमेकांजवळच सापडतात. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, उरणजवळ न्हावा-शेवाचे बंदर आहे, आणि रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत भरती-ओहोटीच्या कोष्टकांवर चालणारी मासेमारी आहे. इथल्या नोंदी जगभर वापरल्या जातात आणि प्रत्येक वापरणाऱ्याची भाषा निराळी असते.

अलिबागचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप होत होते. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्या प्रवाहांनी नोंदी बिघडतील हे उघड होते, म्हणून नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली गेली, ती कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेला जोडता यावी म्हणून. दोन ठिकाणच्या वाचनांतला फरक हाही एक स्थिरांकच. तो कोणी मोजला, कधी मोजला आणि कुठे लिहिला हे माहीत नसते, तर दीड शतकाहून लांब मालिकेचे दोन तुकडे पडले असते. संगणक यायच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी हा प्रश्न नीट सोडवला होता, हे इथे नोंदवण्यासारखे आहे.

आज वेधशाळांच्या नोंदी आयागा या आंतरराष्ट्रीय भूचुंबकत्व संघटनेच्या आयागा-२००२ नावाच्या मजकुरी स्वरूपात दिल्या जातात. वर थोडी माहिती, तीत स्थानकाचा तीन अक्षरी संकेत (अलिबागचा एबीजी), आणि खाली वेळेनुसार एकेक ओळ. मोजलेले मूल्य हाती नसेल तर त्या जागी ९९९९९.०० लिहायचे, तो घटक त्या ठिकाणी मोजलाच जात नसेल तर ८८८८८.०० लिहायचे. हे दोन आकडे म्हणजे स्थिरांकच. जुन्या ताशी स्वरूपात हाच निरोप ९९९९ असा लिहिला जाई, आणि इंटरमॅग्नेट या वेधशाळांच्या जागतिक जाळ्याच्या, दशांश नॅनोटेस्लात लिहिल्या जाणाऱ्या एका स्वरूपात सात वेळा नऊ लिहावा लागतो. अर्थ एकच, पण आकडे तीन, आणि कोणता आकडा कुठे लागू हे स्वरूपावर ठरते.

अशा नोंदी वापरणाऱ्या एका प्रकल्पात जुना हिशेब फोर्ट्रानमध्ये होता, फाइल उलगडणारा भाग सी भाषेत, आलेख जावास्क्रिप्टमध्ये, आणि नवे विश्लेषण पायथनमध्ये लिहायला घेतले होते. पायथनवाल्याने फोर्ट्रानमधला ‘मिसिंग’ नावाचा स्थिरांक पाहिला, त्याचे मूल्य ९९९९ होते, तेच त्याने घेतले. नाव बरोबर होते, आकडाही बरोबर होता, फक्त तो ताशी स्वरूपाचा होता आणि नव्या फाइली मिनिटांच्या होत्या. अलिबागला क्षेत्राचा क्षैतिज घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. साठ मिनिटांच्या सरासरीत एकच ९९९९९ शिरला, तरी सरासरी हजाराहून अधिक वर जाते. चुंबकीय वादळात हा घटक मुख्यतः खाली येतो. सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याच्या नोंदीत तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरला होता. त्यामुळे वर गेलेला एवढा मोठा सुळका पाहून जाणकाराला लगेच शंका आली आणि चूक सापडली.

खरी अडचण मोठ्या चुकीची नसते. त्याच प्रकल्पात पुढे सेकंदाच्या नोंदी आल्या. ३६०० मूल्यांच्या ताशी सरासरीत एक ९९९९९ मिसळला, तर फरक पडतो सुमारे १७ नॅनोटेस्लांचा. तेवढा चढउतार रोजच्या सौर बदलात सहज खपून जातो. अशी सरासरी एखाद्या कोष्टकात छापली गेली, तर ती कोणालाही चुकीची दिसणार नाही. चुकीच्या स्थिरांकाचे नुकसान आरडाओरड करत येईल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणूनच भाबडेपणाचे आहे.

स्थिरांक वाटून घेण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे प्रत्येक भाषेत स्वतंत्र प्रत ठेवणे. ती सरसकट वाईट नाही. आकडे चार असतील, वर्षानुवर्षे बदलणार नसतील आणि माणसेही दोनच असतील, तर याहून साधा उपाय नाही. पण प्रत हुबेहूब असली तरी मूल्य हुबेहूब असेलच असे नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. भूचुंबकत्वाच्या गणितात पृथ्वीची संदर्भ त्रिज्या ६३७१.२ किलोमीटर धरतात. हाच आकडा फोर्ट्रानमध्ये साध्या रीतीने लिहिला, तर तो एकेरी अचूकतेत साठवला जातो आणि प्रत्यक्षात ६३७१.२००१९५३१२५ होतो, सी किंवा पायथनमध्ये तो दुहेरी अचूकतेत राहतो. फरक २० सेंटीमीटरच्या आसपासचा. त्याने भौतिकशास्त्र बिघडत नाही, पण दोन प्रोग्रॅमची उत्तरे शेवटच्या काही अंकांत जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत या शोधात आठवडे जातात. फोर्ट्रानमध्ये आकड्यामागे डी-शून्य लावले की प्रश्न मिटतो. पण कोणता आकडा किती अचूकतेने घ्यायचा, हे स्थिरांकाच्या व्याख्येतच लिहिलेले असायला हवे. ते लिहिणाऱ्याच्या सवयीवर सोडून चालत नाही.

दुसरी रीत सामाईक हेडर फाइलीची. सी भाषेची डिफाइन लिहिलेली फाइल प्रीप्रोसेसरमधून फोर्ट्रानलाही देता येते, आणि जुन्या वैज्ञानिक कामांत हा उपाय सर्रास दिसतो. आकडे सरळ असतील तोवर तो चांगला चालतो. हेडरमध्ये कोणी सीचे प्रकारांतर किंवा सीची खास टिप्पणी घातली की फोर्ट्रानचा कंपायलर अडतो, आणि पायथन किंवा जावास्क्रिप्ट तर त्या फाइलीकडे वळूनही पाहत नाहीत. एका भाषेची फाइल सर्वांची मूळ फाइल मानली की ती भाषा घरमालक होते आणि बाकीच्या भाडेकरू. जावाच्या बाबतीत एक वेगळीच गंमत होते. पब्लिक स्टॅटिक फायनल म्हणून जाहीर केलेला साधा आकडा कंपाइल होतानाच वापरणाऱ्या वर्गात कोरला जातो. मूळ फाइल बदलून ती तेवढीच पुन्हा बांधली, तर बाकीचे भाग जुनाच आकडा घेऊन निमूट चालत राहतात. हे ज्याने एकदा अनुभवले, तो पुढे स्थिरांक बदलल्यावर सगळे काही पुन्हा बांधतो, आणि ते योग्यच आहे.

तिसरी रीत म्हणजे स्थिरांक कोणत्याच भाषेत न लिहिणे. ते साध्या मजकुरी फाइलीत, सीएसव्ही किंवा जेसनमध्ये, माहिती म्हणून ठेवायचे. प्रत्येक भाषेसाठी लागणारी फाइल त्यातून एका छोट्या प्रोग्रॅमने तयार करायची, किंवा प्रोग्रॅमने चालू होताना तीच फाइल वाचायची. याचे सर्वांत चांगले उदाहरण भूचुंबकत्वातच आहे. आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्र, म्हणजे आयजीआरएफ, हे गुणकांचे कोष्टक आहे. २००० पासूनच्या प्रत्येक पाच वर्षांच्या टप्प्याला त्यात १९५ गुणक असतात. फोर्ट्रानच्या प्रचलित आवृत्त्यांत हे गुणक प्रोग्रॅममध्येच डेटा विधानांत भरलेले असत. सी भाषेतला प्रोग्रॅम तेच गुणक वेगळ्या फाइलीतून वाचतो, आणि पायथनमधली नवी साधनेही फाइलच वाचतात. नवी पिढी आली की पहिल्या पद्धतीत प्रोग्रॅम बदलतो, दुसरीत फक्त फाइल. जगभरच्या वेळांची टीझेड डेटाबेस नावाची नोंदही याच वळणाची: नियम मजकुरात, आणि प्रत्येक भाषेची ग्रंथालये त्याच मजकुरातून आपापली कोष्टके बनवतात. भारताची साडेपाच तासांची ओळ तीत सर्वांना एकच मिळते.

फाइल तयार करावी की चालू होताना वाचावी, यावर वाद होतात आणि त्यांत फारसे तथ्य नसते. छोट्या यंत्रावर, मोजमापाच्या पेटीत बसलेल्या प्रोग्रॅमला फाइल वाचण्याची सोय नसते. तिथे आधी तयार केलेली हेडरच लागते. कार्यालयातल्या संगणकावर वाचणे सोपे जाते. दोन्हींचा उगम एक असला की पुरे. तयार झालेल्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत, ही फाइल हाताने बदलू नये, मूळ अमुक ठिकाणी आहे, एवढे लिहिलेले असावे. तरीही कोणीतरी घाईत ती हाताने बदलतोच, म्हणून प्रत्येक बांधणीत ती नव्याने तयार करून जुनीशी ताडून पाहणे हाच भरवशाचा उपाय ठरतो.

त्या मूळ फाइलीत काय असावे, हा भाग तंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे. नाव आणि मूल्य एवढे कधीच पुरत नाही. एकक लागते, कारण जुन्या चुंबकीय नोंदी गॅमात असतात आणि नव्या नॅनोटेस्लात. हे दोन्ही नेमके सारखे आहेत हे नशीब. पण दशांश नॅनोटेस्ला तसा नाही. एककानेही भागत नाही तिथे संदर्भपातळी लागते. भरतीची उंची आणि जमिनीची उंची दोन्ही मीटरमध्येच लिहितात. भरतीच्या कोष्टकांचे शून्य नकाशाच्या आधारपातळीवर असते, जमिनीच्या उंचीचे सरासरी समुद्रसपाटीवर, आणि मुंबईजवळ या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. खाडीच्या तोंडाशी होडी लागेल की नाही हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमने यांत घोटाळा केला, तर एकक तपासून काहीही हाती लागत नाही.

त्यानंतर प्रकार. संकेत हे अंकांत लिहिलेले असले तरी संख्या नसतात. रायगडच्या वाहनांचा क्रमांक एमएच-०६ ने सुरू होतो. हा ०६ संख्या म्हणून साठवला की ६ उरतो. सी भाषेत पुढे शून्य असलेली संख्या अष्टमान धरली जाते. ०६ त्यातून बचावतो, पण रत्नागिरीच्या ०८ वर कंपायलर थांबतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. पायथन तीन तर असे लिहूच देत नाही. वायएएमएलच्या जुन्या नियमांतही हाच सापळा आहे. संकेत नेहमी अवतरणात, अक्षरमाला म्हणून लिहावेत, हा नियम यातून आला आणि त्याला अपवाद करू नये. नावावरून जोडणी करणे त्याहून वाईट. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ हे दोन्ही जिल्हे इंग्रजीत एकाच स्पेलिंगने छापले आहेत. पहिल्याचा संकेत ५२०, दुसऱ्याचा ४०३. नावावर भरवसा ठेवणाऱ्या कोष्टकात अलिबागची माणसे थेट महानदीच्या खोऱ्यात जाऊन बसतात.

न्हावा-शेवा बंदरात हे सगळे प्रश्न एकत्र येतात, आणि तिथे पैशाचा हिशेब लगेच होत असल्याने ते लपतही नाहीत. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. जहाजकंपन्या, टर्मिनले, सीमाशुल्क खाते आणि उरण-द्रोणागिरी भागातली कंटेनर गोदामे, प्रत्येकाची संगणकप्रणाली वेगळी. आंतरराष्ट्रीय यादीत या बंदराचा संकेत आयएनएनएसए असा पाच अक्षरी आहे. भारतीय सीमाशुल्काच्या नोंदीत त्यापुढे समुद्रमार्गाचा १ लागतो. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्हींना नुसते ‘पोर्ट कोड’ म्हटले की जुळणी फसते. नावे वेगळी ठेवली की अर्ध्या तक्रारी येतच नाहीत.

कंटेनर भरलेला की रिकामा, हे सांगण्यासाठी युएन-एडिफॅक्ट निरोपांत ५ म्हणजे भरलेला आणि ४ म्हणजे रिकामा असे संकेत आहेत. एका गोदामाच्या प्रणालीत फाटकावरचा जावा प्रोग्रॅम हे संकेत नीट ओळखत होता. अहवालाचा पायथन प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती खूण हो-नाही अशी असेल असे गृहीत धरून सरळ ‘इफ’ लावला. ४ आणि ५ दोन्ही शून्य नसल्याने दोन्ही ‘हो’ ठरले, आणि अहवालात यार्डातला प्रत्येक कंटेनर भरलेला दिसू लागला. रिकाम्या कंटेनरांचे भाडे वेगळे असल्याने बोभाटा झाला. दुरुस्ती एका ओळीची होती. पण त्यानंतर त्या प्रणालीत उघडा ४ किंवा ५ कोणी लिहायचा नाही, सामाईक यादीतले नावच वापरायचे, असा दंडक पडला. त्याच यादीत शून्याला ‘माहीत नाही’ असा अर्थ दिला गेला. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीतही प्रत्येक यादीचे पहिले मूल्य शून्यच असावे लागते. रिकाम्या राहिलेल्या जागेला कोणी चुकून खरा अर्थ देऊ नये, हा त्याचा उपयोग.

काही स्थिरांक नुसते आकडे नसतात, त्यांना रीत चिकटलेली असते. कंटेनरच्या क्रमांकातला शेवटचा तपासणी अंक आयएसओ ६३४६ प्रमाणे काढतात. त्यात अक्षरांना १० पासून ३८ पर्यंत मूल्ये असतात, पण ११, २२ आणि ३३ गाळलेली, कारण शेवटी ११ ने भागायचे असते. ज्याने हे न वाचता ए साठी १०, बी साठी ११ असे ओळीने लिहिले, त्याचा हिशेब बी पासून पुढे बिघडतो. अशा ठिकाणी कोष्टक वाटून भागत नाही. उदाहरणेही वाटावी लागतात. सीएसक्यूयू३०५४३८ या क्रमांकाचा तपासणी अंक ३ येतो, अशी दहा-वीस उदाहरणे त्याच मूळ फाइलीशेजारी ठेवायची, आणि प्रत्येक भाषेतल्या प्रोग्रॅमने ती सोडवून दाखवायची. भाषांमधला करार तपासण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आता बदलाविषयी. स्थिरांक बदलत नाही ही समजूत प्रोग्रॅम एकदा चालण्यापुरतीच खरी आहे. पावसाळी मासेमारीबंदीच्या तारखा पूर्वी वेगळ्या होत्या. नंतर पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस एकसारखे ठरले. जुन्या वर्षांच्या मासळीचा हिशेब नव्या तारखांनी केला तर तो चुकतो. वस्तू व सेवा कराच्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २०२० मध्ये एक झाले, तेव्हा २५ हा संकेत थांबला आणि २६ राहिला. सिल्वासाहून न्हावा-शेवाला येणाऱ्या मालाला त्याने काही फरक पडला नाही, दमणच्या जुन्या बिलांना पडला. म्हणून प्रत्येक ओळीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने हवेत. थांबलेला संकेत पुसायचा नाही, आणि पुढे दुसऱ्या अर्थाने वापरायचा तर मुळीच नाही.

इतके सगळे एका जागी ठेवायचे, तर ती जागा कोणाची, हा शेवटचा आणि सर्वांत कटकटीचा प्रश्न. वेगळे भांडार, त्याला आवृत्ती क्रमांक, प्रत्येक प्रकल्प ठरावीक आवृत्तीला बांधलेला, ही मांडणी बहुतेक ठिकाणी चालते. पण प्रत्येक ओळीसमोर तो आकडा कोण ठरवतो हेही लिहिलेले हवे: आयागा, सीमाशुल्क खाते, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, की आपणच. बाहेरून आलेल्या आकड्याची आपण प्रत ठेवतो, त्यात सुधारणा करत नाही. आणि मोह आवरावा तो सगळेच वाटून घेण्याचा. आलेखाचा रंग, पानावरच्या ओळींची संख्या, एका प्रोग्रॅमची थांबण्याची मुदत, ही त्या त्या प्रोग्रॅमची खासगी बाब. ती सामाईक यादीत गेली की यादी फुगते, रोज बदलते, आणि खऱ्या स्थिरांकांवरचा विश्वासही उडतो.

आयजीआरएफची चौदावी पिढी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. तीत २०२५ चे नवे गुणक आहेत, आणि २०२० चे गुणकही पुन्हा मोजून अंतिम केलेले आहेत. म्हणजे तेराव्या पिढीवर चालणारा प्रोग्रॅम आणि चौदाव्या पिढीवर चालणारा प्रोग्रॅम २०२० साठीही किंचित वेगळी उत्तरे देतात. उत्तराबरोबर पिढीचा क्रमांक छापला नसेल, तर कोणते उत्तर कशावरून आले हे नंतर सांगता येत नाही. या पिढीची मुदत २०३० पर्यंत आहे. ज्यांचे गुणक वेगळ्या फाइलीत आहेत, त्यांना तेव्हा एक फाइल बदलावी लागेल. ज्यांचे प्रोग्रॅमच्या पोटात आहेत, त्यांनी ते बाहेर काढण्याचे काम आताच हाती घ्यावे.